वडिलांसाठी भेटवस्तू निवडताना...

आईसाठी काय घ्यावे, हे मुलांना सहसा चटकन सुचते. वडिलांच्या बाबतीत मात्र शर्टपीस, पाकीट आणि पेन यांपलीकडे विचार फारसा सरकत नाही. 'मला कशाला काही?' असे म्हणत आयुष्य काढलेली ही पिढी आपली गरज बोलून दाखवत नाही. परिणामी कपाटात कोऱ्या कापडांची चळत वाढत जाते आणि झिजलेला चष्मा, बंद पडलेले घड्याळ तसेच राहते. वडिलांना भेट देण्यापूर्वी ही न बोललेली गरज ओळखणे महत्त्वाचे ठरते.

प्रसंग कोणता?

जून महिन्यातील तिसऱ्या रविवारी साजरा होणारा 'फादर्स डे' मूळचा अमेरिकेतील. सहा मुलांना आईविना वाढवणाऱ्या आपल्या वडिलांच्या गौरवासाठी सोनोरा स्मार्ट डॉड यांनी पुढाकार घेतला आणि १९ जून १९१० रोजी स्पोकेन शहरात हा दिवस पाळला गेला. १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन अध्यक्ष असताना त्यास कायद्याने मान्यता मिळाली.

मराठी घरांत वडिलांच्या सन्मानाचे प्रसंग त्याआधीपासून आहेत. साठाव्या वर्षानंतरची षष्ट्यब्दी, पंच्याहत्तरीचा अमृतमहोत्सव आणि एक्याऐंशीव्या वर्षीचे सहस्रचंद्रदर्शन हे त्यांपैकी प्रमुख. दिवाळी पाडव्याला मुली वडिलांना ओवाळतात. पण तबकात ओवाळणी घालण्याचा मान वडिलांचाच असतो. सतत देण्याचीच सवय असलेल्या माणसाला घेताना संकोच वाटतो, हे ध्यानात ठेवून भेट निवडलेली बरी.

जुन्या वस्तूला नवे आयुष्य

नव्या महागड्या वस्तूपेक्षा वडिलांची जुनी वस्तू दुरुस्त करून देणे पुष्कळदा अधिक मोलाचे ठरते. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरात घड्याळनिर्मिती सुरू केली. पहिल्या पगारातून किंवा लग्नात मिळालेले हे चावीचे घड्याळ अनेक घरांत आजही आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये हा घड्याळ उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. मात्र जाणकार कारागीर अशी घड्याळे उघडून, स्वच्छ करून, तेलपाणी करून पुन्हा चालू करतात. तबकडी मूळचीच ठेवण्यास आवर्जून सांगावे. रंगवून नवी केलेल्या तबकडीत जुनी ओळख उरत नाही. जुना रेडिओ, हार्मोनियम किंवा सायकल यांनाही हेच लागू पडते.

वयाची गरज

उतारवयात वाचनासाठी अधिक उजेड लागतो. चांगला टेबलदिवा, मोठ्या टायपातील पुस्तके किंवा नेत्रतपासणी करून घेतलेला नवा चष्मा या साध्या पण रोजच्या उपयोगाच्या भेटी होत. रक्तदाब मोजण्याचे यंत्र घ्यायचे असल्यास मनगटाऐवजी दंडावर बांधण्याचे घ्यावे आणि पट्टा दंडाच्या मापाचा आहे, याची खात्री करावी. स्नानगृहात भिंतीला आधाराची दांडी बसवणे ही वेष्टनात न मावणारी, पण घसरून पडण्याचा धोका कमी करणारी भेट आहे.

वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे नातवंडांचे बोलणे निसटते आणि वडील हळूहळू संभाषणातून बाजूला होतात. श्रवणयंत्र मात्र परस्पर विकत आणू नये. आधी श्रवणतज्ज्ञांकडून तपासणी करावी, यंत्र वापरून पाहावे आणि सवय होईपर्यंत धीर धरावा.

रक्कम द्यायची असल्यास

मुलाने वा मुलीने वडिलांना भेट म्हणून दिलेल्या रकमेवर वडिलांना प्राप्तिकर भरावा लागत नाही. त्या रकमेच्या गुंतवणुकीवर मिळणारे व्याज मात्र त्यांच्या उत्पन्नात धरले जाते. रक्कम बँकेमार्फत द्यावी, म्हणजे नोंद राहते. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी २००४ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दर तिमाहीला व्याज मिळते. तिची मुदत पाच वर्षे असून गुंतवणुकीची कमाल मर्यादा २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. हे खाते पत्नीसह संयुक्तपणे उघडता येते. पैसे कसे वापरावेत, हे ठरवण्याचा अधिकार वडिलांकडेच ठेवल्यास त्यांचा मान राखला जातो.

आठवणींचा ठेवा

कोणत्याही दुकानात न मिळणारी भेट म्हणजे वडिलांचे ऐकून घेणे. एरवी कमी बोलणारे वडील नेमका प्रश्न विचारला की खुलतात. पुण्यातील घरांत १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराविषयी, सातारा परिसरात ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाविषयी, गावाकडे १९७२च्या दुष्काळाविषयी, तर गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाविषयी विचारावे. त्या दिवसांत घर कसे चालले, कोणी उसने दिले, कोणते शिक्षण सुटले, हे मुलांना अनेकदा ठाऊकच नसते. मोबाइलवर हे बोलणे ध्वनिमुद्रित करता येते. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा अधिक ताणू नये आणि न आवडणाऱ्या विषयाचा आग्रह धरू नये.

जुन्या छायाचित्रांचा अल्बम सोबत घेऊन बसल्यास आठवणींना धागा मिळतो. प्रत्येक छायाचित्रातील माणसे, गाव आणि साल वडिलांकडून विचारून मागील बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईच्या पेनाने कागद खराब होतो. कित्येक चेहरे ओळखणारे घरात आता एकटे वडीलच उरलेले असतात. म्हणून हे काम वाढदिवसाची वाट न पाहता येत्या सुट्टीतच हाती घ्यावे. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपाव्यात आणि एकेक प्रत सर्व भावंडांना द्यावी.