ग्रीक नावांचा भारतीय संसार

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बबीना हे लष्करी छावणीचे गाव आहे. ब्रिटिशांच्या तळाचे वर्णन करणाऱ्या काही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव झाले, अशी एक व्युत्पत्ती मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. ती शास्त्राच्या कसोटीस उतरण्यासारखी नाही. अशा व्युत्पत्ती बहुधा नाव रूढ झाल्यानंतर रचल्या जातात. परंतु ती सांगणाऱ्याची गरज खोटी नव्हे. नाव आहे त्या अर्थी त्याला काही अर्थ असलाच पाहिजे, ही समजूत मनुष्यमात्रात खोल रुजलेली आहे.

बाळासाठी नाव शोधणाऱ्या आजच्या आईबापांपुढे ग्रीक पुराणांतील नावांच्या ज्या याद्या येतात, त्या याच समजुतीवर उभ्या आहेत. अथीना म्हणजे बुद्धी, आयरिस म्हणजे इंद्रधनुष्य, डॅफ्नी म्हणजे लॉरेल वृक्ष. यांपैकी आयरिसचा अर्थ बरोबर आहे. अथीना या शब्दाची व्युत्पत्ती मात्र ग्रीक भाषेच्या पंडितांनाही समाधानकारक लागलेली नाही. बुद्धी हे त्या देवतेचे क्षेत्र, तिच्या नावाचा अर्थ नव्हे. डॅफ्नीचा अर्थ खरा आहे. पण अपोलोच्या पाठलागातून सुटण्यासाठी जी मुलगी वृक्षरूप झाली, तिची कथा त्या एका शब्दात कोठे आहे? आणि ती कथा ठाऊक असती तर ते नाव किती घरांतून ठेवले गेले असते?

नावाचा शब्दार्थ आणि नावाचे मर्म यांतील हे अंतर पाहण्यासाठी ग्रीसला जाण्याचे कारण नाही. झाशीच्या मराठी राजघराण्यातच त्याचे उदाहरण आहे. ‘दामोदर’ म्हणजे उदराला दावे बांधलेला. एवढ्या शब्दार्थासाठी कोणी मुलाचे नाव दामोदर ठेवणार नाही. ते ठेवले जाते खोडकर कृष्णाला उखळीशी बांधणाऱ्या यशोदेसाठी. १८५१मध्ये जन्मलेला लक्ष्मीबाईंचा मुलगा दामोदरराव काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३मध्ये गंगाधरराव मृत्युशय्येवर असताना आप्तांपैकी आनंदराव या बालकास दत्तक घेण्यात आले आणि त्यालाही दामोदरराव हेच नाव देण्यात आले. त्या एका नावात गेलेल्या मुलाची जागा होती, नव्या मुलाचा घरप्रवेश होता आणि गादीचा वारसाही होता. १८५४मध्ये डलहौसीने राज्याच्या वारशापुरते ते दत्तविधान अमान्य करून झाशी खालसा केली. नावाचा कोशातील अर्थ कंपनी सरकारच्या दप्तराला कोणीही सांगितला असता. हा दुसरा अर्थ मानण्याची त्याची तयारी नव्हती.

याच लोहमार्गाने दक्षिणेस जात राहिले की बीना ओलांडून विदिशा लागते. तेथील बेसनगरच्या गरुडस्तंभावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा ब्राह्मी लेख आहे. यवनराज अंतलिकिताचा दूत, तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा पुत्र हेलिओदोर याने देवाधिदेव वासुदेवासाठी तो स्तंभ उभारला. लेखात तो स्वतःस भागवत म्हणवितो. नाव मात्र बदलीत नाही. ‘हेलिओदोर’ म्हणजे हेलिओस या सूर्यदेवाचे दान. आपल्या देवदत्तासारखीच ही घडण आहे. पित्याचे ‘दिओन’ हे नाव झ्यूसच्या नावाशी निगडित, आणि झ्यूस हा आपल्या वैदिक द्यौसचाच भाषिक सहोदर. लेख लिहिणाऱ्याने मनात आणले असते तर ‘सूर्यदत्त’ लिहिणे कठीण नव्हते. त्याने ध्वनी जपला, अर्थ सोडला. परिणामी नाव दगडात राहिले, पाळण्यात आले नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यात याच्या उलट प्रकार दिसतो. तेथे एक लेणे कोरविणारा दाता योनक म्हणजे यवन आहे, उत्तरेकडील दात्तामित्री नगरीचा आहे. पण त्याचे नाव इंद्राग्निदत्त, पित्याचे धर्मदेव आणि पुत्राचे धर्मरक्षित! ‘योनक’ हा शब्द नसता तर त्याच्या यवनत्वाची शंकाही आली नसती. ग्रीक नाव उरले असेल तर ते गावाच्या नावात. दात्तामित्रीचा संबंध अभ्यासक देमेत्रिओस राजाशी, म्हणजेच देमेतेर या धान्यदेवतेवरून आलेल्या नावाशी जोडतात. परक्या ध्वनीतून ‘दत्त’ आणि ‘मित्र’ ऐकणारा भारतीय कान बबीनाची आद्याक्षरे जुळविणाऱ्याहून फार वेगळा नसावा.

या सर्वांत भाग्यवान ठरले ते मिनांदर हे नाव. ते पुराणकथेतील नव्हे. त्याचा अर्थ साधारणपणे ‘टिकून राहणारा पुरुष’ असा होतो. शाकल येथे राज्य करणाऱ्या या यवन राजाच्या नाण्यांवर ते ग्रीक आणि खरोष्ठी अशा दोन्ही लिप्यांत आढळते. पालीने त्याचे ‘मिलिंद’ केले. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. त्यामुळे या राजाची वार्ताही नसलेल्या असंख्य मराठी घरांत मिलिंद नावाचे मुलगे जन्मले. दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आले. त्याचा परिसर नागसेनवन होय. येथे भुंग्याचा संबंध नाही. भिक्षूला निर्भयपणे प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटल्यावर ते मानणारा राजा येथे अभिप्रेत आहे. अस्पृश्य म्हणून ज्यांना प्रश्न विचारण्याचाच अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्या मुलांसाठी उघडलेल्या विद्यालयाला याहून अन्वर्थक नाव सुचणे कठीण.

आणि ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील संवादाचा आरंभच नावाच्या प्रश्नाने होतो, हे येथे ध्यानात घ्यावे. राजा भिक्षूला नाव विचारतो. भिक्षू सांगतो, की मला नागसेन म्हणतात; आईबाप नागसेन नाव ठेवतात, शूरसेन ठेवतात, वीरसेनही ठेवतात; पण ती केवळ व्यवहाराची संज्ञा आहे. रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त याच प्रश्नातून निघतो. विचारणाऱ्या राजाचे स्वतःचे नाव त्याच ग्रंथात मूळ रूप टाकून बसले आहे, ही गंमत निराळीच.

मराठी शाळेच्या एखाद्या हजेरीपटात दोन मिलिंद सहज सापडतात. एकाच्या घरी भुंगा मनात असतो, दुसऱ्याच्या घरी शाकलचा राजा. हाक आली की दोघेही एकदमच ‘हजर’ म्हणतात.