आत्याचं नवं घर

परवा बीडहून मुंबईला गेलो होतो, आत्याकडे. वरळीच्या बीडीडी चाळीतली तिची १६० चौरस फुटांची खोली गेली. आता नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांचं घर मिळालंय. तिने सगळ्यात आधी काय दाखवलं असेल? संडास. "घरातला आहे रे!" मजल्यावरच्या वीस खोल्यांबरोबर जन्मभर रांग लावली होती तिने.

गंमत म्हणजे सुरुवातीला या चाळीत राहायला कुणी तयारच नव्हतं. गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि गिरणी कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७, त्यातल्या १२१ वरळीत. पण कामगारांना भाडं परवडेना. कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग केला होता. म्हणजे बघा! पुढे त्याच खोल्यांत आठ-आठ, दहा-दहा माणसांचे संसार झाले.

२०१७ मध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन, आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. जुन्या भाडेकरूंना घर फुकट. खर्च काढायचा तो याच जमिनीवर बाजारभावाने विकायच्या घरांतून. हिशोब म्हाडाचा.

जेवताना आत्याने विचारलं, "ती विकत घेणारी माणसं येतील ना, त्यांच्याएवढाच मेंटेनन्स आपल्यालाही पडेल का रे?"

मी भाकरी मोडत राहिलो.