नदीचा वाटा

वाटणी म्हटली की आपल्याला जमीन आणि भाऊबंदकी आठवते. पण नदीच्या पाण्याची वाटणी करताना खुद्द नदीचाच वाटा ठेवायचा राहून गेला तर काय होतं? ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्याचा इतिहास वाचताना हाच प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला.

हे खोरं दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं. आपला महाराष्ट्र त्यात तीनदा मावेल! एवढ्या मुलखातलं जे पाणी शेवटपर्यंत टिकतं, ते मरे नदीच्या एकाच मुखातून समुद्राला मिळतं.

तिथल्या कालव्यांच्या शेतीची गोष्ट सुरू होते आल्फ्रेड डीकिनपासून. व्हिक्टोरियातला हा तरुण मंत्री १८८५ साली कॅलिफोर्नियातलं सिंचन पाहून आला. १८८६ मध्ये त्याने कायदा करून नद्यांचं पाणी सरकारच्या ताब्यात घेतलं. कॅलिफोर्नियाहून चॅफी बंधू आले आणि १८८७ साली मिल्ड्युराची वसाहत उभी राहू लागली. हाच डीकिन पुढे आपल्याकडचे कालवेही बघून गेला आणि १८९३ मध्ये त्याने 'इरिगेटेड इंडिया' हे पुस्तक लिहिलं. नंतर तो ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला.

१९१४ साली केंद्र सरकार आणि तीन राज्यं यांच्यात मरेच्या पाण्याचा करार झाला. शेतीचा विचार झाला, बोटींच्या वाहतुकीचाही झाला. नदीकाठच्या झाडांना, माशांना, पाणथळींना किती पाणी लागतं, हे कुणी विचारलं नाही. डार्लिंगला 'बार्का' म्हणणाऱ्या आणि तिच्यावरूनच स्वतःला नाव घेतलेल्या बार्किंजी लोकांनाही नाही.

पुढे धरणं झाली, महायुद्धांवरून परतलेल्या सैनिकांना जमिनी मिळाल्या, द्राक्षं-संत्री पिकली, भात आणि कापूस आला. त्या माणसांनी खरोखर घाम गाळला होता. पण नदीचं वेळापत्रकच उलटं झालं. पूर्वी मरे हिवाळ्यात आणि वसंतात भरून वाहायची, उन्हाळ्यात आटायची. आता हिवाळ्याचं पाणी धरणात अडायचं आणि उन्हाळ्यात पिकांसाठी सुटायचं. काठावरच्या रेड गम वृक्षांना अधूनमधून पूर लागतो, तो मिळेना. खोल मुळांची झाडं तोडली आणि वरून पाणी दिलं, तशी भूजलाची पातळी वर आली, सोबत मीठ घेऊन. आपल्याकडे कालव्याकाठी जमिनी चोपण झाल्या, त्यातलीच ही गत.

१९८१ साली मरेचं मुखच वाळूने बुजलं. १९९१ मध्ये डार्लिंगच्या सुमारे हजार किलोमीटर पात्रात विषारी शेवाळ पसरलं. तेव्हा कुठे १९९५ मध्ये पाणी उपसण्यावर मर्यादा आली. मग २००७ चा जलकायदा आणि २०१२ ची खोरे-योजना. सरकार शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेऊन नदीला परत देऊ लागलं. म्हणजे जे मुळात नदीचंच होतं, ते पैसे मोजून सोडवून घ्यायचं! २०१० मध्ये या योजनेचा मसुदा आला, तेव्हा ग्रिफिथ गावात शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. त्यांचा राग समजतो. पाणी गेलं की शेतामागोमाग गावातली शाळा, दुकानंही ओस पडू लागतात.

आणि एवढं करूनही मेनिंडी इथे २०१८-१९ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये प्राणवायूअभावी लाखो मासे मेले.

मला यात शेतकरी खलनायक दिसत नाही. सरकारनेच बोलावलं, म्हणून तो आला. चूक पहिल्या कागदावर झाली, आणि ती दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा त्या पाण्यावर तीन-चार पिढ्यांचे संसार उभे होते.

आपल्याकडे नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात जायकवाडीच्या पाण्यावरून भांडण होतं, तेव्हा वरचे आणि खालचे दोघंही आपापला हक्क सांगतात. त्या भांडणात गोदावरीच्या बाजूने कोण बोलतं? तुम्हाला काय वाटतं, जरूर सांगा.