तळटीप : केन पुरस्कार आणि आपला सरस्वती सन्मान
१. केन पुरस्कार : आफ्रिकी लेखकाच्या इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या कथेला २०००पासून दिला जातो. आपल्याकडचा सरस्वती सन्मान (के. के. बिर्ला फाउंडेशन, १९९१पासून) भारतीय भाषेतल्या मूळ पुस्तकाला मिळतो, वाचकाने हा फरक जरूर ध्यानात घ्यावा. २०२०चा सन्मान ‘सनातन’ या कादंबरीसाठी शरणकुमार लिंबाळे यांना मिळाला. लिंबाळे सोलापूर जिल्ह्यातल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यांच्या १९८४च्या आत्मकथनाचे नावच गावाकडची शिवी आहे. तोळ्याचे मासे बारा. अकराच भरले तर माल कमअस्सल, म्हणून अनौरस मूल ‘अक्करमाशी’. सोन्याच्या काट्यावर लेकराला तोलणारा हा शब्द त्यांनी स्वतःच मुखपृष्ठावर घेतला, हे धाडस मला कोणत्याही सन्मानाहून मोठे वाटते.