उंबरठ्यावरची रात्र

आज आपण अमेरिकेतल्या एका रात्रीचा इतिहास पाहू. आपल्याकडे शाळेचा निरोप समारंभ दुपारी भाषणं आणि अल्पोपाहारात आटोपतो. तिकडे हायस्कूल संपलं की प्रमाणपत्र घ्यायचं आणि मित्रांच्या मोटारीत बसून रात्र गाजवायची, अशी रीत पडली होती. मोटार, दारू आणि अठरा वर्षांचं वय एकत्र आलं की काय होतं, हे सांगायला नको.

1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय 18 झालं. व्हिएतनामला लढायला चालतो, मग मत द्यायला का नाही, हा सवाल रास्तच होता. त्याच ओघात अनेक राज्यांनी दारूची वयोमर्यादाही खाली आणली. मग तरुणांचे अपघात वाढले आणि राज्यं माघारी वळू लागली. ईशान्येकडच्या मेन राज्याने 1977 मध्ये मर्यादा 20 केली. तरीही 1979 च्या समारंभाच्या दिवसांत तिथल्या ऑक्सफर्ड हिल्स भागात दारू आणि नशेपायी तरुण मुलं गेली. कायदा होता, पण त्या रात्री मुलांनी जायचं कुठे, याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

ते उत्तर गावाने शोधलं. 1980 मध्ये तिथे ‘प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन’ सुरू झालं: दारूविना, रात्रभर चालणारा जलसा. खाणं, गाणी, खेळ सगळं; राबायला पालक आणि शिक्षक. ही कल्पना राज्याराज्यांत पसरली. पुढे बऱ्याच ठिकाणी नियम झाला, एकदा बाहेर पडलात की परत आत येणं नाही.

1984 मध्ये केंद्राने मर्यादा 21 न करणाऱ्या राज्यांचा महामार्गनिधी कापण्याचा कायदा केला. तो महत्त्वाचाच. पण आम्हाला विचाराल तर तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने गावाचं उत्तर अधिक खोल आहे.

फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये संक्रमणविधींचे तीन टप्पे सांगितले: जुन्यापासून तुटणं, उंबरठ्यावर असणं, नव्यात सामावणं. मधल्या टप्प्यात माणूस ना इकडचा ना तिकडचा. म्हणूनच पारंपरिक समाज तिथे वडीलधारी माणसं उभी करत. आधुनिक समाजाने समारंभ ठेवला, पण संध्याकाळ झाली की वडीलधारी घरी जाऊन झोपली.

कुणी म्हणेल, ही सज्ञान मुलं, त्यांच्यावर पहारा कशाला? प्रश्न खरा आहे. स्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल सज्ञानांना त्यांच्याच भल्यासाठी सक्ती करू देत नाही. पण इथे सक्ती कुठे आहे? मुलं आपणहून येतात, मोठे आपणहून जागतात. आपल्याकडे याला एक जुना शब्द आहे, जागरण. ‘जाऊ नकोस’ म्हणणं सोपं असतं. ‘जा, आम्ही जागे आहोत’ म्हणायला स्वतःची झोप द्यावी लागते.