आण्याचा हिशेब

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले. त्याआधी सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे आण्याला सव्वासहा पैसे. आता हा पाव पैसा आणायचा कुठून? सरकारी तक्त्यात आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९. आमच्या बाजारातला भजीवाला मात्र आण्याच्या पुडीला सरळ ७ मागायचा. पदराची गाठ सोडता सोडता आजी म्हणायची, "सहाच घे बाबा, न्हाईतर एक भजं जास्त टाक." तो हसत टाकायचा. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला तो एक पैसा जड होता. 'नये' हा शब्द १९६४ ला गेला, चार आण्याचं नाणं २०११ ला. आजीचा हिशेब अखेरपर्यंत आण्यातच राहिला.