टाउफशाइन वाचताना

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे शंभरेक वर्षे पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकरी कुटुंबांत मुलाच्या नावाचा एक रंगीत कागद करून घेत. मधोमध फ्राक्टूर वळणाची टोकदार जर्मन अक्षरे. भोवती ट्यूलिप, बदाम, समोरासमोर बसलेले पक्षी, क्वचित जलपरीसुद्धा! हा टाउफशाइन, म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला.

या अभ्यासात नव्याने आलेला वाचक पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. वसईत किंवा गोव्यात चर्चमधून मिळणारा दाखला हा तिथल्या नोंदवहीतला उतारा असतो. अशा वह्यांची परंपरा जुनी: इंग्लंडात 1538 साली थॉमस क्रॉमवेलने त्या सक्तीच्या केल्या, तर कॅथलिक जगात 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने. टाउफशाइनचे तसे नाही. तो घरचा कागद. लिहिणारा बहुधा गावचा शाळामास्तर किंवा गावोगाव फिरणारा लेखनिक, आणि तोही पुष्कळदा बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी दारात आलेला. मग सगळ्या भावंडांचे दाखले एकाच बैठकीत उरकले जात. फ्रीडरिश क्रेब्स हा अशांतलाच एक. अमेरिकन क्रांतियुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढायला आलेला हा जर्मन शिपाई तिथेच राहिला, मास्तर झाला आणि ढिगांनी दाखले रंगवू लागला. 1780च्या दशकात एफ्राटाच्या छापखान्यातून कोरे नमुने मिळू लागले होते. चौकट छापील, रंग आणि नावे हातची.

सर्वांनाच हा कागद लागत नसे. लूथरन आणि रिफॉर्म्ड पंथीय तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत, म्हणून बहुतेक दाखले त्यांचे. मेनोनाइट मोठेपणीच बाप्तिस्मा घेत. त्यांच्याकडे सापडतात ते मुख्यतः शाळेतले सुलेखनाचे कित्ते.

1897 मध्ये हेन्री मर्सर यांनी या लेखनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे संग्राहक आले, किमती चढल्या, आणि पक्ष्यांच्या कौतुकात मजकूर वाचायचा राहून गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. छापील दाखल्यांची सहा खंडांची सूची करणारे क्लाउस स्टोप यांच्यासारखे चिकाटीचे अभ्यासक विरळाच. खरे तर मजकुरातच घबाड आहे. आईचे माहेरचे आडनाव, जे चर्चच्या वहीत पुष्कळदा नसते. टाउनशिप, काउंटी, धर्ममातापित्यांची नावे, कधी जन्मवेळेची राससुद्धा. पेनसिल्व्हेनियात राज्यभर सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली ती थेट 1906 मध्ये. त्याआधी हे कागद पुरावा म्हणूनही चालत. क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी निवृत्तिवेतनाच्या अर्जासोबत ते पाठवले, आणि त्यांतले काही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत.

वाचकाला एवढेच सुचवतो: दाखला आणि चर्चची वही शेजारी ठेवून वाचावी. तारखा जुळल्या नाहीत, तर कोण चुकले हे ठरवण्याची घाई नको. आधी दाखला कधी आणि कोणी लिहिला ते शोधावे. छापील नमुना असेल तर छापखान्याचे नाव बहुधा तळाशी बारीक टाइपात असते.